गॅलरीच्या तीन बल्ल्या

तुमच्या आईने तुम्हाला सांगून ठेवलं आहे की समोरची खोली आजीने स्वतः उभी राहून बांधून घेतली. हे अर्धं खरं आहे. उभी मी होते. बांधली मिस्त्रीने, आणि तिच्या पुढची गॅलरी मी स्वतःच्या हाताने जवळजवळ खाली आणली. हा दुसरा भाग तुमची आई गाळते, कारण तिला वाटतं म्हातारीची अब्रू झाकून ठेवावी. पण त्या दिवशी आमच्या अख्ख्या गल्लीला ही गोष्ट कळली, मग तुम्हीच का मागे राहावं?

खोली तुमच्यासाठीच काढली होती. मागच्या खेपेला तुम्ही अमरावतीला आलात तेव्हा सगळे हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो आणि सकाळी कुणाचा तरी पाय आजोबांच्या चष्म्यावर पडला. तेव्हाच मी ठरवलं की समोरचा टिनाचा व्हरांडा पाडायचा, तिथे पक्की खोली काढायची, तिच्यावर स्लॅब टाकायचा, आणि तोच स्लॅब दाराच्या वर साडेतीन फूट पुढे काढून रस्त्याकडे एक गॅलरी करायची. गच्चीवर जायला जिना होताच. वरून गल्ली दिसेल, तुम्हाला संध्याकाळी उभं राहायला जागा होईल, असा माझा बेत.

आता माझ्याविषयी दोन शब्द, म्हणजे पुढचं समजेल. मी पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. आमच्या घरात डाळींच्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या आहेत, सिलिंडर कधी लावला ते दारामागे लिहिलेलं असतं, आणि आजोबांच्या गोळ्या वारांप्रमाणे सात खणांत असतात. आजोबा शेती खात्यातून निवृत्त झाले. शिकलेला माणूस, पण घरात मुद्दाम वऱ्हाडीच बोलतात, विशेषतः मी चिडले असले की. ते पाहुण्यांना सांगतात, "आमच्या घरी मीठ बी डब्यात शिराच्या आधी परवानगी मागते."

स्लॅब म्हणजे काय, तेही सांगते. ओलं काँक्रीट घट्ट पिठल्यासारखं असतं. त्याला आकार यायला खाली भांडं लागतं. म्हणून आधी लोखंडी प्लेटा अंथरतात, त्या प्लेटांना खालून लाकडाच्या बल्ल्यांचे टेकू देतात, आणि प्रत्येक बल्लीच्या बुडाशी पाचर ठोकून ती घट्ट करतात. या सगळ्या पसाऱ्याला सेंट्रिंग म्हणतात. वरचं काँक्रीट स्वतःचं वजन स्वतः पेलू लागलं की सेंट्रिंग खोलायचं. लवकर खोललं तर स्लॅब डोक्यावर येतो. उशिरा खोललं तर काही बिघडत नाही, फक्त मिस्त्रीच्या प्लेटा अडकून पडतात आणि तो रोज तुमच्या दारात येऊन उसासे टाकतो.

आमचा मिस्त्री नांदगाव खंडेश्वरकडचा. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. स्लॅब पडला त्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळ्या मजुरांना जेवण होतं. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. हात धुता धुता तो म्हणाला, "मॅडम, कडेच्या फळ्या उद्या काहाडतो. खालचं मंग पाहू."

"मग म्हणजे कधी?"

"मंग म्हंजे मंग."

"दिवस सांगा ना. मला लिहून ठेवायचं आहे."

"दिवस मी सांगून काय फायदा, मॅडम? स्लॅब सांगते ना."

स्लॅब सांगतो! पस्तीस वर्षं ज्या मुलांनी मला "अभ्यास आपोआप होतो" असं सांगितलं, ती सगळी मुलं मला त्याच्यात दिसली. मी तडक अकोल्याला माझ्या धाकट्या भावाला फोन लावला. तुमचा हा मामाआजोबा इंजिनिअर होता, आयुष्यभर पूल आणि सरकारी इमारती बांधून आता अकोल्यात कुंड्यांना पाणी घालतो. मी म्हटलं, स्लॅब किती दिवसांनी खोलायचा याचा पुस्तकात तक्ता असेल ना, तो पाठव. तो म्हणाला, "ताई, मिस्त्री जुना आहे ना? मग त्यालाच विचार." मी म्हटलं, "तक्ता पाठव." त्याने एका पानाचा फोटो पाठवला.

इतकं सुंदर पान मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. दोन रकाने, सरळ रेघा. दोन टेकणांमधलं अंतर पंधरा फुटांच्या आत असेल तर खालच्या बल्ल्या सात दिवस ठेवायच्या, त्याहून जास्त असेल तर चौदा. आमची खोली सोळा फुटांची. म्हणजे चौदा दिवस. माझ्या स्वभावाप्रमाणे मी त्यात सात घालून एकवीस केले आणि कॅलेंडरवर लाल गोल काढला.

एवढ्यावर थांबले असते तर मी अमरावतीतली एक सावध बाई म्हणून मेले असते. पण दुसऱ्या दिवशी मिस्त्री कडेच्या फळ्या काढायला आला आणि मी त्याला दारातूनच परत पाठवलं. बाजूच्या फळ्यांवर कसलाही भार नसतो, त्या दुसऱ्या दिवशी काढल्या तरी चालतात, हे त्याच पानाच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं. पण ती ओळ मला धोक्याची वाटली. परिणाम असा की त्या उन्हात कडांना पाचसहा दिवस पाणीच लागलं नाही आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. आजही गॅलरीच्या डाव्या कडेवर हात फिरवलात तर बोटाला भुकटी लागेल. ती माझी सावधगिरी.

शिवाय मी स्लॅबची हजेरी ठेवली. हसू नका. उन्हाळा होता, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात स्लॅबला रोज भरपूर पाणी पाजावं लागतं. त्याला इथे तराई म्हणतात. स्लॅबवर मातीच्या वरंब्यांनी छोटी छोटी आळी करायची आणि ती पाण्याने भरून ठेवायची. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, कधी तोही चुकतो. ज्या दिवशी तराई पूर्ण झाली त्या दिवशी मी वहीत "ह" लिहायची, झाली नाही त्या दिवशी "ग". "ग" आला की तो दिवस मोजायचा नाही, खोलण्याचा दिवस एकाने पुढे.

मिस्त्रीने ती वही पाहिली. "स्लॅबची हाजरी घेऊन राहिल्या का मॅडम?"

"हो. नियमित असलेलं बरं."

"अन नापास झाला तं?"

आजोबा आतून म्हणाले, "तं पालकाले बोलावतीन."

मिस्त्री हसला नाही. त्याला अकोल्याला दुसऱ्या एका स्लॅबच्या कामावर आठवडाभर जायचं होतं. तिथे दुसऱ्याच्या प्लेटा भाड्याने घेऊन काम चालवतो, तुमच्या हिशेबाने इथलं राहू द्या, असं तो अगदी शांतपणे म्हणाला. मग मला बाहेर दारासमोर घेऊन गेला. गॅलरीच्या पुढच्या कडेखाली तीन बल्ल्या ओळीने उभ्या होत्या. त्यातल्या मधलीवर हात ठेवून तो म्हणाला, "एवढं मातर ध्यानात ठेवजा. खोलीच्या बल्ल्या तुमच्या कॅलेंडरानं. पण या तीन बल्ल्याले कोनी हात नाई लावाचा. या सगळ्यात आखरीत निंघतीन, अन मीच काहाडीन."

"का बरं?"

"गॅलरीले पुढून कोनी धरून नाई ना, मॅडम."

मी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यातला फरक मी वर्गात आयुष्यभर ओळखला. स्वतःच्या मानेत मात्र मला तो दिसला नाही.

झालं असं की चौदा एप्रिलची जयंती जवळ आली. आमच्या गल्लीच्या तोंडावरून दरवर्षी मिरवणूक जाते, आणि कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर सगळ्या बायका जमतात. यंदा आमच्याकडे नवी गॅलरी. कठडा अजून व्हायचा होता, पण बांबू बांधून ती सोय करता आली असती. मी बारा जणींना बोलावून टाकलं. निळ्या दिव्यांच्या माळा आणल्या, खुर्च्या ठरवल्या, थंड दूध ठरवलं. आणि दारासमोर मधोमध त्या तीन बल्ल्या. येताजाता मधल्या बल्लीच्या खिळ्यात माझ्या साडीचा पदर दोनदा अडकला. बारा बायका बारा साड्या नेसून येणार होत्या.

तेव्हा मी तक्ता पुन्हा काढला. आता नीट वाचा, कारण ही चूक मूर्ख माणूस करू शकत नाही, तिला शिक्षण लागतं. तक्ता म्हणतो, अंतर पंधरा फुटांच्या आत असेल तर सात दिवस. आमची गॅलरी किती? साडेतीन फूट. स्लॅब पडून किती दिवस झाले? नऊ, त्यात "ग" फक्त एक. म्हणजे आठ. सातपेक्षा एक जास्त! मी तर उलट एक दिवस वाढवूनच देत होते. मला स्वतःच्या उदारपणाचं कौतुक वाटलं.

आजोबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "मिस्त्रीनं नाई म्हटलं होतं ना?"

"मिस्त्रीकडे तक्ता नाही."

"त्याच्याजवळ गॅलऱ्या हायेत. तीसेक वर्षाच्या."

"अहो, तुम्ही बल्ली धरता का नुसतं बोलता?"

त्यांनी बल्ली धरली. संसारात त्यांनी अशा बऱ्याच बल्ल्या धरल्या आहेत. हातोडी मिस्त्रीच्या पेटीत कुलूपबंद होती, म्हणून मी खलबत्त्यातला बत्ता आणला आणि पाचरीला बाजूने ठोके घातले. पाचवासहावा ठोका बसला आणि पाचर निसटली, बल्ली सैल होऊन आजोबांच्या खांद्यावर आली. आम्ही दोघांनी वर पाहिलं. गॅलरी होती तिथेच. दुसरी काढली. तिसरी काढली. तिसरीबरोबर वरची एक लोखंडी प्लेट सुटली आणि आमच्यापासून दोन हातांवर ठण्णकन पडली.

"बेल झाली," आजोबा म्हणाले. "तास संपला."

मी वहीत लिहिलं, "गॅलरी: उत्तीर्ण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बढाई मारायला कोणीतरी हवं होतं. तुमची आई झोपली असेल म्हणून मी भावाला अकोल्याला फोन लावला. म्हटलं, तुझ्या तक्त्याचा फार उपयोग झाला रे, गॅलरी कालच मोकळी केली, उद्या बारा जणी वर उभ्या राहून मिरवणूक बघणार.

तिकडे कुंड्यांचा नळ बंद केल्याचा आवाज आला.

"ताई," तो म्हणाला, "कुठल्या बल्ल्या काढल्यास?"

"पुढच्या. तिन्ही."

"गॅलरी पुढे किती आहे?"

"साडेतीन फूटच तर आहे."

"आत्ता तिच्याखाली कोण आहे?"

मी खिडकीतून पाहिलं. दारासमोरची जागा मोकळी झाली म्हणून आजोबांनी तिथे खुर्ची टाकली होती. बरोब्बर गॅलरीखाली, सावलीत, पाय लांब करून पेपर वाचत होते.

फोन कानाला तसाच धरून मी बाहेर धावले. "अहो, उठा."

"एवढं पान होऊ दे."

"उठा म्हणते ना!"

"कावून? आग लागली का कुठं?"

मी त्यांचा पेपर ओढून घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांच्या हातातला पेपर कधी ओढला नव्हता. त्याने काम झालं. माझ्या तोंडाकडे पाहून ते निमूट उठले आणि बाजूच्या बोळातून मागच्या दाराने घरात आले. खुर्ची तिथेच राहिली. रिकाम्या खुर्चीवर गॅलरीची सावली पडली होती. मी मटकन पायरीवर बसले, मग लक्षात आलं की ती पायरीसुद्धा गॅलरीखालीच आहे, आणि पुन्हा उठले.

भाऊ फोनवरच होता. आता त्याने समजावून सांगितलं. खोलीचा स्लॅब चारी भिंतींवर बसलेला असतो. गॅलरी नुसती हात पुढे करून उभी असते. सगळा ताण खांद्यावर, म्हणजे भिंतीपाशी. हात पुढे करून उभं राहिलेल्या माणसाला, तुझा हात लहान आहे म्हणून लवकर सोडून देत नाहीत.

"पण तक्त्यात साडेतीन फूट..."

"तक्ता दोन्हीकडून टेकलेल्या स्लॅबचा आहे, ताई. गॅलरीचं पुढच्या पानावर आहे."

"ते पान तू पाठवलं नाहीस."

"तू मागितलं नाहीस."

तो वाद मी तिथेच सोडला. मी म्हटलं, बल्ल्या लगेच परत लावते. तो ओरडला, "हात लावू नकोस!" आता खालून पाचर ठोकली तर गॅलरी वर उचलली जाईल, आणि तेही तितकंच वाईट. ज्याने सेंट्रिंग बांधलं त्यालाच बोलाव.

मी मिस्त्रीला फोन केला. तो अकोल्यातच होता. मी सांगितलं, त्याने ऐकून घेतलं.

"किती काहाडल्या?"

"तिन्ही."

"साहेब बरे हायेत ना?"

"बरे आहेत."

"मंग सामोरचं दार बंद ठेवा. मी उद्या पयल्या गाडीनं येतो." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दारासमोर मी दोरी बांधली आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत "येथे उभे राहू नये" असं लिहून लावलं. खाली इंग्रजीतही लिहिलं. आमच्या गल्लीत इंग्रजीत वाचून सावध होणारा एकही माणूस नाही. असलाच, तर तो आदल्या दिवशी बत्त्याने पाचर ठोकत होता.

जयंतीच्या सकाळी मिस्त्री आला तो पांढराशुभ्र नवा सदरा घालून. सणाच्या दिवशी घरच्यांना सोडून आला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. खालून गॅलरी पाहिली, मग वर गेला. मी मागोमाग. तो गॅलरीवर चढला नाही. खोलीच्या बाजूलाच उकिडवा बसला, आजोबांकडून बादली मागवली, भिंतीच्या रेषेवर, जिथून गॅलरी पुढे निघते तिथे, पाणी ओतलं आणि पोत्याने पुसून घेतलं.

"आता?" मी विचारलं.

"आता वाळू द्या."

ऊन चढत होतं. ओला काळा पट्टा कडेने फिका पडू लागला. हळूहळू सगळा पांढरा झाला. एकाच ठिकाणी, वीतभर लांबीची, केसाएवढी एक रेघ काळी राहिली. बाकी काँक्रीट वाळलं तरी तिच्यात पाणी होतं.

"हे पाहा," मिस्त्री म्हणाला. "तडा. बारीकच हाये. पन हाये."

मी वाकून पाहिलं. एका वितीच्या रेघेवर मी बारा बायका, बारा खुर्च्या आणि थंड दुधाचं पातेलं चढवणार होते.

खाली येऊन त्याने तिन्ही बल्ल्या परत उभ्या केल्या. पाचरी ठोकल्या नाहीत, हाताने सरकवल्या, बल्ली वर नुसती टेकेपर्यंत. "टेकवाचं हाये, उचलाचं नाई," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता, पण मलाच. मग हात झटकून उभा राहिला. "मॅडम, एक सांगू का? गल्लीतल्या लोकायनं विचारलं, तं तुमी काहाडल्या म्हनजा. माह्या नावावर नका टाकजा. मले याच गल्लीत पुढं काम हाये."

मी म्हटलं, "अर्थात." मोठ्या रुबाबात म्हटलं. संध्याकाळी पाच वाजता तो रुबाब कुठे गेला ते पुढे ऐका.

पाचला बायका आल्या. नटूनथटून, गजरे माळून, बारा नाही, चौदा. दारात दोरी, पुठ्ठा आणि बल्ल्या. मी फाटकाशी उभी राहून म्हटलं, "वरचं थोडं काम राहिलंय, आज इथूनच बघू या."

खोटं नव्हतं ना? वर थोडं काम राहिलंच होतं. वर्गात मुलगा असं उत्तर द्यायचा तेव्हा मी त्याला म्हणायची, अर्धं उत्तर म्हणजे पूर्ण लबाडी.

कोपऱ्यावरच्या घरची काकू पुढे आली. तिचं बोलणं म्हणजे सरळ दगड. "काय काम राह्यलं? मले तं समजलं गॅलरीले तडा गेला. त्या मिस्त्रीचंच काम ना? बरं झालं बाई आधी समजलं. आमी त्यालेच वरचा स्लॅब देनार होतो. आता नाई देत."

दुपारची तराई आटोपून मिस्त्री तिथेच, नळापाशी हात धूत होता. ऐकत होता. त्याने पाठ वळवली नाही आणि मान वरही केली नाही.

"मिस्त्रीचं काम नाही," मी म्हटलं. "बल्ल्या मी काढल्या."

"तुमी म्हंजे? कोनाले सांगून काहाडल्या का?"

"नाही. मी. बत्त्याने."

चौदा माना माझ्याकडे वळल्या. मग कुणीतरी मागून विचारलं, "चटणीच्या बत्त्यानं?" आणि सगळ्या फुटल्या. काकूला हसताना फाटकाचा आधार घ्यावा लागला. एक जण म्हणाली, "मॅडम, तुमी तं आमच्या पोराले सांगता, पुस्तक वाचाव म्हनून!" मी म्हटलं, "पुस्तकात होतं. पुढच्या पानावर." तेही त्यांना फार आवडलं. मी तक्ता, सात दिवस, साडेतीन फूट, स्लॅबची हजेरी, सगळं सांगून टाकलं. आजोबा मधूनमधून राहिलेले तपशील पुरवत होते, अगदी आनंदाने. मिरवणूक आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली, आणि थंड दूध फाटकात वाटलं. सर्वांत आधी मिस्त्रीला.

प्रश्न मात्र सुटला नव्हता. ती गॅलरी टिकणार का पाडावी लागणार? पाडायची तर खोलीच्या स्लॅबचाही एक पट्टा फोडावा लागणार होता. जूनमध्ये तुम्ही येणार होता, आणि तुम्ही दोघं गॅलरीत न जाता खोलीत बसाल अशी मुलं नाहीत.

दोन दिवसांनी अकोल्याहून भाऊ आला. त्याने आणि मिस्त्रीने ती रेघ पाहिली, नखाने खरवडली, कुजबुजले. दोघांचं एक मिनिटात जमलं, आणि माझ्याशी मात्र दोघंही लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होते. ठरलं असं की तराई चालू ठेवायची, बल्ल्यांना हात लावायचा नाही, आणि काँक्रीट पूर्ण पिकलं की वजन ठेवून पाहायचं.

किती दिवस, हे मी विचारलं नाही. चार दिवस विचारलं नाही. पाचव्या दिवशी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "स्लॅब सांगन." मी वही उघडली आणि बंद केली.

खोलीच्या बल्ल्या त्याने त्याच्या मनाने काढल्या, माझ्या लाल गोलाच्या चार दिवस आधी. मी पाहत होते, बोलले नाही. गॅलरीच्या तिन्ही तशाच उभ्या. पुढे मे महिना लागला, आणि एके सकाळी तो दोन माणसं आणि रिकामी पोती घेऊन आला. भाऊही आला होता. आधी त्यांनी रेघेत सिमेंटचं पातळ पाणी भरलेलं होतं, ते वाळून गेलं होतं. आता दोन बाजूंना बांबू रोवून त्यांना गॅलरीच्या कडेखालून एक दोरी ताणून बांधली. दोरी आणि कड यांच्यात आगपेटीची काडी जेमतेम मावेल एवढी फट. गॅलरी खाली आली की दोरी सांगेल. मग पाचरी थोड्या सरकवून बल्ल्या बोटभर खाली घेतल्या. काढल्या नाहीत. गॅलरी खचलीच तर बोटभर येऊन बल्ल्यांवर थांबेल.

"आता वजन," भाऊ म्हणाला. "ताई, किती बायका बोलावल्या होत्यास?"

"बारा. आल्या चौदा."

"चौदा धरू. एकेकीचं वजन?"

मिस्त्री पोती मोजू लागला, भाऊ दोरी तपासू लागला. शेवटी आजोबांनी जबाबदारी घेतली. एकेक पोतं वाळूने भरताना ते मिस्त्रीच्या माणसांना सांगत होते, "हे कोपऱ्यावरच्या काकूचं, यात अजून दोन घमेली टाक. हे पलीकडच्या मास्तरणीचं, अर्धंच भर." चौदा पोती माणसांनी भिंतीकडून हात लांब करून करून गॅलरीवर ठेवली. मी रस्त्यापलीकडे उभी होते. मला तिथे कोणी उभं केलं नव्हतं, मीच गेले होते.

पोती दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच होती. सकाळी मिस्त्री काडी घेऊन शिडीवर चढला. मधे घातली, डावीकडे घातली, उजवीकडे घातली. काडी आदल्या दिवशी जशी गेली तशीच गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. जयंतीच्या सकाळपासून पहिल्यांदा. मग मधली बल्ली काढून माझ्या हातात दिली. "घ्या मॅडम. तुमाले आवड हाये."

पोती उतरवल्यावर तो एकटा गॅलरीवर गेला, भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत पावलापावलाने, आणि कडेला उभा राहून खाली पाहत म्हणाला, "या."

आजोबा लगेच गेले. कडेपर्यंत. दोन्ही हात मागे बांधून रस्ता पाहत उभे राहिले, जणू गॅलरी त्यांनीच बांधली होती. भाऊ गेला. मी भिंतीच्या रेषेपर्यंत गेले आणि थांबले.

"ये ना ताई," भाऊ म्हणाला. "चौदा बायका तोलल्यात तिने."

"इथून चांगलं दिसतंय," मी म्हटलं.

कोपऱ्यावरच्या काकूने तिचा स्लॅब मिस्त्रीलाच दिला. त्याने काम धरताना एकच अट घातली म्हणे, स्लॅब खोलेपर्यंत मॅडमले इकडं चहाले बोलवाचं नाई. काकूने ती पाळली. तिच्याकडचा चहा मी तीन आठवडे प्यायले नाही.

तुम्ही जूनमध्ये आलात, गॅलरीत धावलात, वाकून बाहेर पाहिलंत आणि मी मागून ओरडत राहिले, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला वाटलं आजी कठड्याला भिते. कठडा एकदम मजबूत आहे. आजीला ती वीतभर रेघ कुठे आहे ते ठाऊक आहे. अजूनही संध्याकाळी आम्ही दोघं वर जातो. मी भिंतीला पाठ टेकून, रेघेच्या अलीकडे, उभ्या उभ्या चहा पिते. आजोबा खुर्ची अगदी पुढच्या कडेला टाकून पेपर वाचतात, आणि साडेतीन फुटांची सगळी गॅलरी त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आली आहे.